राग खोट्याचा येतो की पक्षाचा? (खान्देशातल्या मंडळींसाठी)

तापीकाठ

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळत होतं, आज लिहूनच टाकतो. लांबेल, सांभाळून घ्या.

आपल्याकडे राजकारणावर रोज लिहिणारे जे लोक आहेत, जळगावचे असो, धुळ्याचे असो की नंदुरबारचे, त्यातले बरेच जण खरंच वाचणारे आहेत. एखादा नेता खोटं बोलला की तुटून पडतात, जुने व्हिडिओ काढतात, आकडे काढतात. हे व्हायलाच पाहिजे. पण त्याच लोकांचं पाच-दहा वर्षांपूर्वीचं लिखाण शेजारी ठेवून वाचा, मग दिसतं की काय खोटं बोललं गेलं यावर राग ठरत नाहीये, कोण बोललं यावर ठरतोय.

कापसाचंच घ्या, ते आपल्या सगळ्यांच्या घरातलं आहे. ५ मार्च २०१२ ला केंद्रातल्या काँग्रेसच्या यूपीए सरकारने एका झटक्यात कापसाची निर्यात बंद केली. लोकांच्या घरात कापूस पडून होता. खुद्द कृषिमंत्री शरद पवार म्हणाले की मला विश्वासात घेतलं नाही. गुजरातचे तेव्हाचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदींनी पंतप्रधानांना पत्र लिहून विरोध केला. आपल्याकडची भाजपकडे झुकणारी मंडळी तेव्हा पेटून उठली होती आणि त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. आता १५ ऑगस्ट २०२५ ला लाल किल्ल्यावरून पंतप्रधान म्हणाले की शेतकऱ्यांसाठी मी भिंतीसारखा उभा आहे, आणि चारच दिवसांनी, १९ ऑगस्टला, कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ झालं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे आपल्याकडे वेचणी होऊन माल बाजारात यायचा नेमका तोच काळ. २०१२ ला पेटलेले ते सगळे कुठे गेले? त्यातले काही जण तर आता सूतगिरण्यांना स्वस्त कापूस कसा गरजेचा आहे हे समजावून सांगतायत, आणि हाच गिरण्यांचा मुद्दा २०१२ ला काँग्रेसवाले सांगत होते जे आता शेतकऱ्याच्या नावाने गळा काढतायत. माणसं तीच, मुद्देही तेच, फक्त एकमेकांत अदलाबदल केलेली.

शेतकऱ्यांच्या प्रश्नांवर नेमलेल्या स्वामिनाथन आयोगाचं पण तसंच. आयोगाचं काम २००६ ला संपलं, उत्पादन खर्चावर ५० टक्के नफा ही शिफारस यूपीएने मान्य केली नाही. २०१४ ला भाजपने ते वचन दिलं, आणि फेब्रुवारी २०१५ ला त्याच सरकारने सुप्रीम कोर्टात लिहून दिलं की असा भाव दिला तर बाजार बिघडेल. पुढे २०१८ च्या बजेटमध्ये दीडपट भाव दिला असं जाहीर केलं, पण तो खर्च मोजताना स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि स्वतःच्या भांडवलावरचं व्याज धरलेलंच नाही. आता यावर पोटतिडकीने लिहिणाऱ्यांपैकी २००७-०८ ला किती जण काँग्रेसवर लिहीत होते आणि तेव्हा लिहिणाऱ्यांपैकी २०१५ ला किती जण बोलले हे ज्याचं त्याने आठवून पाहावं.

पक्षाबद्दल प्रेम असू द्या, मी पण मत देतो, माझाही कल आहे. पण खोट्याला खोटं म्हणताना आधी पक्ष बघायचा असेल तर तो राग खरा नाही, आणि त्याचं नुकसान आपल्याच भागाला होतंय असं माझं ठाम मत झालंय. तुम्हाला काय वाटतं ते लिहा, शिव्या नकोत.

अमळनेरचा_शेतकरी

नुकसान कसं होतं ते मी सांगतो भो. पाडळसे धरण.

बाहेरच्यांसाठी सांगतो, निम्न तापी प्रकल्प, अमळनेर तालुक्यात तापीवर. नव्वदच्या दशकात युती सरकारच्या काळात सुरुवात झाली, मग १५ वर्षं काँग्रेस-राष्ट्रवादी, मग फडणवीस, मग महाविकास आघाडी, मग शिंदे, आता परत फडणवीस. नदीत काँक्रीटचे मोठमोठे खांब उभे आहेत, पावसाळ्यात पाणी त्यांच्यामधून सरळ पुढे गुजरातच्या उकई धरणाला निघून जातं. मूळ खर्च कुठल्या कुठे गेला. प्रत्येक निवडणुकीत प्रत्येक पक्षाने सांगितलं की आम्ही पूर्ण करतो.

आणि त्या खांबांचा एक फोटो आहे, तुम्ही सगळ्यांनी बघितला असेल, मागे पिवळट पाणी आणि पुढे उघड्या सळया. २०१३ च्या सुमारास तो फोटो भाजपवाले टाकायचे, खाली "आघाडीचं पाप". २०१८ ला तोच फोटो राष्ट्रवादीवाल्यांनी उचलला. २०२१ ला परत पहिल्या मंडळींकडे आला, २०२३ नंतर तर कोणी टाकायचा हाच गोंधळ झाला कारण अर्धी राष्ट्रवादी सत्तेत जाऊन बसली. फोटो खराच आहे, तिथली परिस्थिती खरीच आहे. पण कोणीच सलग दहा वर्षं विचारलं नाही. धरणाला २५-३० वर्षं लागतायत आणि विचारणाऱ्याचा राग पाच वर्षांत संपतो, कारण तेवढ्यात त्याचा पक्ष सत्तेत येतो. अधिकाऱ्याला आणि मंत्र्याला हे पक्कं माहिती आहे. आज जो ओरडतोय तो उद्या आपोआप गप्प होणार, उत्तर द्यायची गरजच नाही.

सलग विचारत राहिले ते आंदोलन करणारे थोडेच लोक, आणि त्यांनाही दर वेळी कोणीतरी विचारतंच की तुम्ही कोणाचे.

तापीकाठ

@अमळनेरचा_शेतकरी अगदी हेच म्हणायचं होतं मला, तुम्ही जास्त नीट मांडलं. सरकार बदललं की प्रश्न विचारणारी टीम बदलते, फाइल मात्र तिथेच राहते.

केळीपट्टा

थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका.

हे "सगळ्यांना सारखं विचारा" ऐकायला छान वाटतं पण व्यवहारात काय होतं ते बघा. आज सत्तेतल्या माणसाला प्रश्न विचारला की लगेच दहा जण येतात, २०१२ ला कुठे होतात, १९७५ ला कुठे होतात. म्हणजे आधी मागच्या पन्नास वर्षांचा हिशोब द्यायचा आणि मग आजचा प्रश्न. तोपर्यंत प्रश्न मरून जातो. निष्पक्षपणाची अट ही आज सत्तेत असणाऱ्याच्या सोयीची आहे, मग तो कोणीही असो.

दुसरं, सगळी खोटी सारख्या वजनाची नसतात. निवडणूक रोखे घ्या, म्हणजे लोकांना नाव न कळता पक्षाला देणगी द्यायचे बँकेचे रोखे. १५ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाने योजना घटनाबाह्य ठरवली, यादी बाहेर आली. एप्रिल २०१९ पासूनच्या आकड्यांत भाजपला सहा हजार कोटींच्या वर, तृणमूलला सोळाशे कोटींच्या आसपास, काँग्रेसला चौदाशे कोटींच्या वर. सगळ्यांनी घेतले हे खरं. पण कायदा कोणी आणला, देणाऱ्याचं नाव लोकांपासून कोणी लपवलं, आणि पारदर्शकता आणतोय असं सांगून लपवलं? २०१७ च्या बजेट भाषणात पारदर्शकतेच्या नावाखालीच ही योजना आली होती. मग मी भाजपला जास्त बोललो तर तो माझा पक्षपात कसा? आणि माकपने रोखे घेतलेच नाहीत, उलट कोर्टात गेले. "सगळेच सारखे" म्हटलं की हे सगळं पुसून जातं.

ज्याच्या हातात सत्ता त्याच्यावर जास्त राग, हा माझा नियम आहे आणि मी तो बदलणार नाही.

तापीकाठ

@केळीपट्टा राग कसला, तुमचा नियम मला पूर्ण मान्य आहे. ज्याच्या हातात सही त्याला जास्त विचारायचं, यात दुमत नाही. आणि "सगळेच सारखे" असं मी कुठेही म्हटलेलं नाही, मला ते वाक्य आवडतच नाही, ते आळशी माणसाचं वाक्य आहे.

पण तुमचा नियम खरा असेल तर तो सत्ता बदलल्यावरही चालला पाहिजे ना. नोव्हेंबर २०१९ ला अवकाळीने सगळं धुऊन नेलं तेव्हा उद्धव ठाकरेंनी हेक्टरी २५ हजार मागितले होते. महिन्याभरात तेच मुख्यमंत्री झाले. २५ हजार हेक्टरी मिळाले का? दोन लाखांची कर्जमाफी झाली हे मान्य, पण नियमित कर्ज भरणाऱ्याला ५० हजारांचं जे प्रोत्साहन जाहीर केलं ते त्यांच्या काळात हातात पडलं नाही, खात्यावर यायला २०२२ उजाडलं, सरकारच बदललेलं होतं. तेव्हा सत्ता त्यांच्याकडे होती. सत्तेला प्रश्न विचारणारे आपले किती मित्र तेव्हा बोलले? कोरोना होता, केंद्र पैसे देत नव्हतं, सगळी कारणं त्यांनीच सांगितली, मंत्र्यांना तोंड उघडायची वेळच आली नाही. तुम्ही स्वतः बोलला असाल तर तुम्हाला माझा सलाम. मी त्यांच्याबद्दल बोलतोय ज्यांचा नियम एकाच बाजूला चालतो.

शिरपूरची_लेक

मी जास्त लिहीत नाही पण यावर लिहिणार.

लाडकी बहीण. जुलै २०२४ ला सुरू झाली, १५०० रुपये महिना. ज्या पक्षाच्या सगळ्यात मोठ्या नेत्याने २०२२ ला फुकटच्या योजनांना रेवडी म्हणून झोडपलं होतं तोच पक्ष सामील असलेल्या महायुती सरकारने ही आणली. समोरचे म्हणाले तिजोरी रिकामी होईल, राज्य कर्जात बुडेल, आणि नोव्हेंबरच्या निवडणुकीत त्यांनीच ३००० चं वचन दिलं. मग महायुती म्हणाली आम्ही २१०० देऊ. मार्च २०२५ चं बजेट आलं, त्यात २१०० नव्हते.

आता यात खोटं बोलले कोण? दोन्हीकडचे नेते. पण राग कोणावर निघाला? आमच्यावर. "बायकांनी पंधराशेला मत विकलं." हे मी दोन्ही बाजूच्या लोकांच्या तोंडून ऐकलंय, निकालाच्या दिवशी एका बाजूच्या आणि लाभार्थींची पडताळणी सुरू झाली तेव्हा दुसऱ्या बाजूच्या. ज्याने कर्जमाफी घेतली, पीक विम्याचे पैसे घेतले, पीएम किसानचे हप्ते घेतो त्याला कोणी विचारत नाही की तू मत कितीला विकलं. आमच्या गल्लीतल्या बाईने त्या पैशातून शिलाई मशीनचे हप्ते फेडले, तिला हे ऐकावं लागतं.

नेत्याच्या खोट्याचा राग नेत्यावर काढायची हिंमत नाही म्हणून तो आमच्यावर काढायचा, हे बंद करा.

बापू_चाळीसगाव

शिरपूरच्या ताई, तुमचं म्हणणं मनाला लागलं. आमच्यासारख्या जुन्या लोकांनी हे ऐकून घ्यायला पाहिजे.

मी पक्षफुटीबद्दल लिहितो कारण ती सगळी बघितली आहे. १९७८ ला शरद पवार वसंतदादांचं सरकार पाडून मुख्यमंत्री झाले, पुलोद म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाचं सरकार. तेव्हा अर्धे लोक म्हणाले पाठीत खंजीर, अर्धे म्हणाले तरुण धडाडीचा नेता. १९८५ ला पक्षांतरबंदीचा कायदा आला, त्यात एक तृतीयांश फुटले तर चालेल अशी पळवाट ठेवली, ती २००३ ला काढली. म्हणजे कायदा करणाऱ्यांनाही माहिती होतं की हे खोटेपण आहे. तरी २३ नोव्हेंबर २०१९ ची फडणवीस-अजित पवारांच्या शपथेची पहाट बघितली, जून २०२२ ला शिंदे आमदार घेऊन सुरत-गुवाहाटीला गेले ते बघितलं. आपल्या जळगाव जिल्ह्यातले शिवसेनेचे चारही आमदार त्यात गेले. आणि २७ जून २०२३ ला भोपाळमध्ये पंतप्रधानांनी राष्ट्रवादीचा ७० हजार कोटींचा घोटाळा काढला, २ जुलैला अजित पवार उपमुख्यमंत्री म्हणून शपथ घेऊन मोकळे. पाच दिवस!

आता या सगळ्यावर लिहिणारे बघा. २०१९ च्या निकालानंतर शिवसेना युती सोडून गेली त्याला ज्यांनी जनादेशाचा अपमान म्हटलं, त्यांना २०२२ ला क्रांती दिसली. आणि २०१९ ला ज्यांना ती लोकशाही वाटली त्यांनी २०२२ ला गद्दार म्हणून बोंब ठोकली. मतदाराने ज्या युतीला मत दिलं ती दोन्ही वेळेस राहिली नाही, या साध्या गोष्टीवर दोन्हीकडे एकालाही दुःख नाही. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

खरं_बोला

धागाकर्त्याने आधी स्वतः कोणत्या पक्षाचा ते सांगावं. निवडणुका आल्या की असे तटस्थ लोक बरोबर उगवतात. कापसाचा मुद्दा घेऊन मोदींवरच घसरायचं होतं तर सरळ लिहायचं.

तापीकाठ

@खरं_बोला माझ्या पहिल्या पोस्टमध्ये २०१२ ची निर्यातबंदी आधी आहे, २०२५ नंतर आहे. तुम्हाला दुसरीच दिसली. १९ ऑगस्टला शुल्क माफ झालं नव्हतं असं तुमचं म्हणणं असेल तर ते लिहा, मी उत्तर देतो. मी कोणाला मत देतो त्याने तारीख बदलत नाही.

धुळे_गल्ली_नं_४

आमच्या धुळ्याची दोन उदाहरणं देतो, दोन्ही ताजी आठवणीतली.

मे २०२५. विधिमंडळाची अंदाज समिती धुळ्यात आलेली, आणि सरकारी विश्रामगृहाच्या एका खोलीत १ कोटी ८४ लाख रुपये रोख सापडले. माजी आमदार अनिल गोटे त्या खोलीबाहेर तासन् तास बसून राहिले म्हणून ते कुलूप उघडलं गेलं. समिती विधिमंडळाची, खोली सरकारी, रोकड कोटीत, याच्यावर अख्ख्या जिल्ह्याने एका आवाजात बोलायला पाहिजे होतं. झालं काय, सत्ताधाऱ्यांचे समर्थक गोटेंनी किती पक्ष बदलले त्याचीच यादी देत बसले. अरे बाबांनो त्यांनी दहा पक्ष बदलले असतील, खोलीतले पैसे त्याने कमी होतात का?

दुसरं जळगावचं घरकुल प्रकरण, पण निकाल आमच्या धुळ्याच्या विशेष न्यायालयात लागला, ३१ ऑगस्ट २०१९. ४८ जणांना दोषी धरलं, त्यात दोन माजी मंत्री, सुरेशदादा जैन तेव्हा शिवसेनेचे आणि गुलाबराव देवकर राष्ट्रवादीचे. पुढे वरच्या कोर्टात अपील झाली, जामीन झाले, तो कोर्टाचा विषय. मी बोलतोय बाहेरच्या लोकांबद्दल. झोपडपट्टीतल्या गरिबांसाठी घरं बांधायची योजना होती, ती अर्धवट राहिली. पण त्या आठवड्यात जळगावचे लोक काय लिहीत होते? दादांनी शहरासाठी किती केलं. देवकर आप्पांना कसं अडकवलं. ज्या कुटुंबांना घर मिळायचं होतं त्यांच्याबद्दल मी एक ओळ वाचली नाही. दोन्ही पक्षांचे नेते एकाच निकालात असले की कोणाचीच बाजू घेता येत नाही, म्हणून सगळेच थंड पडतात हे मी तेव्हा बघितलं.

सातपुडा_पायथा

धुळ्याच्या भाऊंनी शेवटी जे लिहिलं तेच आमच्या अक्कलकुवा-धडगावचं आहे. तुमच्याकडे निदान निम्मे लोक तरी चिडतात. आमच्याकडे कोणीच चिडत नाही.

सरदार सरोवरात महाराष्ट्रातली ३३ गावं गेली, सगळी नंदुरबार जिल्ह्यातली, सगळी आदिवासी. पुनर्वसन झालं, संपत आलं, हे काँग्रेसच्या सरकारांनी सांगितलं आणि भाजपच्या सरकारांनीही सांगितलं. १७ सप्टेंबर २०१७ ला धरणाचं लोकार्पण झालं तेव्हाही आमच्यातली कुटुंबं जमिनीची वाट बघत होती. हे खोटं दोन्ही पक्षांचं आहे म्हणून कोणालाच कामाचं नाही. काँग्रेसवाल्याने काढलं तर त्याच्याच मंत्र्यांची नावं येतात, भाजपवाल्याने काढलं तर धरणाचं कौतुक कसं करणार. तुम्ही लोक एकाच खोट्यावर ओरडता आणि दुसऱ्यावर गप्प बसता म्हणून भांडताय, आमच्या वाट्याला दोन्ही बाजूंचं गप्प बसणंच आलंय.

सरकार बदललं की काहीतरी होईल असं आमच्या घरात आता कोणी म्हणत नाही.

अहिराणी_बोल

दादा तुम्हनं बरोबर शे. पन आठे कोन ऐकस?

धरणगाव_कापूस

ऐकतोय भाऊ, वाचतोय सगळं, बोलायला उशीर झाला.

मूळ मुद्द्यावर येतो. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० जाहीर झाला, मध्यम धाग्याचा ७७१०. मंत्र्यांनी ट्विट केलं, त्यांच्या लोकांनी पोस्टर फिरवले, विरोधकांनी पोस्टर खाली शिव्या घातल्या. पण आकडा आणि हातात येणारा पैसा यात काय आहे ते कोणी लिहीत नाही. आधी मोबाइलच्या अ‍ॅपवर नोंदणी, सातबाऱ्यावर पीकपेरा बरोबर पाहिजे, मग नंबर लागतो. सरकारी खरेदी केंद्रावर गाडी गेली की ग्रेडर गाडीत हात घालून मधला कापूस ओढतो, मीटर लावतो. आठ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण भाव, त्याच्या वर दर टक्क्याला कपात, बाराच्या वर गेला की गाडी परत. पावसात भिजलेल्या वेचणीचा ओलावा बारात बसवायला किती दिवस अंगणात पसरून ठेवावा लागतो, आणि तेवढ्यात दुकानदाराची उधारी असते, मजुराची मजुरी असते. मग माणूस गावातच व्यापाऱ्याच्या खेडा खरेदीला देऊन मोकळा होतो, हमीभावाच्या खाली. हे आघाडीच्या काळातही असंच होतं. विरोधात असताना कापसाच्या भावासाठी जळगावात उपोषणाला बसलेले नेते आपण बघितले, सत्तेत आल्यावर त्यांचं उपोषण संपलं. आणि त्या उपोषणाची तेव्हा टिंगल करणारे आज त्याचेच फोटो काढून मागे लागलेत. ओलाव्याची अट शिथिल करा, खरेदी दिवाळीच्या आधी सुरू करा, केंद्रं वाढवा, या तीन गोष्टी कोणत्याही पक्षाच्या माणसाने लावून धरल्या तर मी त्याच्यासोबत आहे.

केळीपट्टा

@धरणगाव_कापूस या तिन्हीवर माझी सही धरा. रोख्यांवरचं माझं म्हणणं मी सोडत नाही, @तापीकाठ, पण २०२० ला ५० हजारांवर मी काही लिहिलं नव्हतं हे खरं आहे. सत्ता बदलली तरी माझं तोंड बंद राहणार नाही, हा धागा तेव्हा वर काढा.

अमळनेरचा_शेतकरी

मी एक करतो. पाडळशाबद्दल कोणत्या निवडणुकीत कोणी काय सांगितलं, कोणत्या बजेटात किती तरतूद दाखवली, जेवढं कात्रणांत सापडेल तेवढं तारखेसकट इथे टाकत जातो. पक्षाचं नाव शेवटच्या रकान्यात. @सातपुडा_पायथा तुमच्याकडे पुनर्वसनाचे कागद असतील तर तुम्ही पण टाका, आम्ही वाचू आणि विचारू, आमदार कोणाचाही असो.

सातपुडा_पायथा

कागद आहेत. गावी गेलो की फोटो काढून टाकतो.